स्प्रिंग टेस्टिंगसाठी स्वस्तातला रिअल-टाइम डेटा अ‍ॅक्विझिशन आणि कंट्रोल कॉम्प्युटर: कोणी स्वतः बनवलाय का?

कुपवाडचा_फिटर

नमस्कार मंडळी. सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे, वडील आणि मी मिळून चालवतो. कॉइल स्प्रिंगा करतो, जास्त करून शेती अवजारांच्या आणि दुचाकीच्या शॉकच्या. आता एका गिऱ्हाइकाला प्रत्येक लॉटमधल्या दोन स्प्रिंगांचा फटीग रिपोर्ट (पुन्हा पुन्हा दाबून किती टिकते त्याचा) पाहिजे, १० लाख सायकल, आणि नुसतं "टिकली" लिहून चालणार नाही, सुरुवातीला स्टिफनेस (एक मिमी दाबायला लागणारा जोर) किती होता आणि पुढे कसा कमी होत गेला त्याचा ग्राफ द्यायचाय. तयार मशीनचं कोटेशन मागवलं तर ७ लाखांच्या घरात आलं. एवढे पैसे आमच्याकडे नाहीत आणि असते तरी आधी एक ग्राइंडर घेतला असता.

तर मेकॅनिकल भाग आम्हीच केलाय. २ एचपीची मोटर, तिचा वेग बदलायला व्हीएफडी, पट्ट्यावरून क्रँक, स्ट्रोक ५० मिमी, ५ हर्ट्झला चालवायचं म्हणजे मिनिटाला ३०० फेरे. स्प्रिंग साधारण २० न्यूटन प्रति मिमीची. वर स्थिर प्लेटला जोर मोजायला २०० किलोचा एस टाइप लोडसेल, बाजूला स्प्रिंग किती दबली ते मोजायला जुन्या बाजारातून घेतलेला एलव्हीडीटी त्याच्या कंडिशनर डब्यासकट. मशीन छान चालतं, वडिलांनी बेअरिंग हाउसिंग असं बसवलंय की कप ठेवला तर चहा हलत नाही.

अडलंय ते इलेक्ट्रॉनिक्समध्ये. अर्डुइनो उनो हे छोटं मायक्रोकंट्रोलर बोर्ड घेतलं, लोडसेलचा सिग्नल वाचायला एचएक्स७११ चं बोर्ड, एलव्हीडीटी सरळ उनोच्या अ‍ॅनालॉग पिनला, आणि सगळं ९६०० बॉडवर लॅपटॉपला. लोड आणि डिस्प्लेसमेंटचा ग्राफ काढला की सरळ तिरकी रेघ यायला पाहिजे ना, स्टीलची स्प्रिंग आहे, पण येतो लंबगोल. १ हर्ट्झला भाकरीसारखा जाड, आणि ५ हर्ट्झला तर जवळजवळ गोलच. एकाने सांगितलं स्प्रिंगमध्ये फ्रिक्शन आहे, दुसऱ्याने सांगितलं अर्डुइनो स्लो आहे रास्पबेरी पाय घे, तिसरा म्हणतो जुना पीसी घे ज्याला पॅरलल पोर्ट आहे. मला कळत नाहीये की नेमका कुठला कॉम्प्युटर घेतला म्हणजे हे "रिअल-टाइम" होईल. बजेट इलेक्ट्रॉनिक्सचं १० हजार धरा, सेन्सर सोडून.

स्कॅनटाइम

पीएलसी, म्हणजे कारखान्यातली मशीनं चालवणारा कंट्रोलर, का नाही लावत? मी साखर कारखान्यात पीएलसीवरच असतो, वर्षानुवर्षं न बघता चालतात. छोट्या पीएलसीचा स्कॅन ५-१० मिलिसेकंद आणि अ‍ॅनालॉग कार्डाचं कन्व्हर्जन वेगळं, त्यामुळे ५ हर्ट्झला एका सायकलमध्ये तुम्हाला २०-२५ पॉइंट मिळतील. स्टॉप-स्टार्टला उत्तम, पण ग्राफसाठी कमी पडेल हे मान्य. सेकंडहँड घेतला तर बजेटमध्ये बसतो.

मिलिव्होल्ट

फिटरदादा, कॉम्प्युटर घ्यायच्या आधी एक सांगा, तो लंबगोल कुठल्या दिशेने फिरतोय? म्हणजे आडव्या अक्षावर डिस्प्लेसमेंट आणि उभ्यावर लोड घेतलाय असं धरतो, तर स्प्रिंग दाबताना रेघ वरून जाते का खालून? हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. खरं फ्रिक्शन असेल तर दाबताना लोड जास्त आणि सोडताना कमी, म्हणजे जाताना वरून, येताना खालून. त्या दोन रेघांच्या मधलं क्षेत्रफळ म्हणजे उष्णतेत गेलेली ऊर्जा. तुमच्याकडे उलटं असेल, दाबताना खालून जात असेल, तर त्या ग्राफप्रमाणे स्प्रिंग घेतली त्यापेक्षा जास्त ऊर्जा परत देतेय, आणि असं कुठलीच स्प्रिंग करत नाही. मग दोष मोजण्यात आहे.

दुसरी परीक्षा, मोटर बंद करून पुली हाताने फिरवा, एका फेऱ्याला १० सेकंद घ्या. फ्रिक्शन असेल तर लूप तेवढाच जाड राहील कारण घासण्याला वेगाचं फारसं देणंघेणं नसतं. वेळेचा घोळ असेल तर लूप मिटेल.

कुपवाडचा_फिटर

केलं. वडिलांनी पुली फिरवली मी लॅपटॉपवर बसलो. लूप गायब!! बारीक रेघ आली, पेनाने ओढल्यासारखी. आणि मोटरवर चालवताना दाबायची रेघ खालूनच जातेय, बरोबर ओळखलंत तुम्ही. म्हणजे माझी स्प्रिंग चांगली आहे. आता सांगा घोळ कुठे आहे.

मिलिव्होल्ट

घोळ एचएक्स७११ मध्ये आहे, आणि त्या चिपचा त्यात काही दोष नाही, ती वजनकाट्यासाठी बनवलेली आहे आणि ते काम ती सुंदर करते. सेकंदाला १० किंवा ८० रीडिंग देते. ८० वर ठेवली तरी इनपुट बदलल्यावर आउटपुट पूर्ण स्थिर व्हायला ५० मिलिसेकंद लागतात, म्हणजे सिग्नल साधारण २५ मिलिसेकंद उशिरा बाहेर येतो. ५ हर्ट्झची एक सायकल २०० मिलिसेकंदांची, त्यात २५ म्हणजे ४५ अंश. शिवाय तुम्ही वाचेपर्यंत ते रीडिंग आणखी १२ मिलिसेकंद शिळं असू शकतं. आणि ९६०० बॉडवर सेकंदाला ९६० अक्षरं जातात, २० अक्षरांची ओळ पाठवली की २० मिलिसेकंद गेले, उनोचा ६४ बाइटचा बफर भरला की प्रोग्राम तिथेच थांबून राहतो. सगळं मिळून ६०-७० अंश सहज होतात, मग गोल दिसणारच.

लोड आणि डिस्प्लेसमेंट एकाच क्षणाचे असायला पाहिजेत, तुमचं सगळं दुखणं त्यात आहे. हिशोब करून बघा: स्ट्रोक ५०, वेग ५ हर्ट्झ, तर मधोमध प्लेटचा वेग ३.१४ × ५ × ५० म्हणजे ७८५ मिमी प्रति सेकंद. १ मिलिसेकंद चुकला की ०.७८ मिमी चुकलं, २० न्यूटनच्या स्प्रिंगला १५.७ न्यूटन चुकले. वर जाताना एका बाजूला, येताना दुसऱ्या बाजूला, म्हणजे दोन रेघांत ३१ न्यूटनचं अंतर. फक्त एका मिलिसेकंदात!

त्यामुळे "फास्ट कॉम्प्युटर" हा शब्द डोक्यातून काढा. रिअल-टाइम म्हणजे ठरलेल्या वेळी काम होणं, दर वेळी, ५५ तास. १० लाख सायकल ५ हर्ट्झला साडेपंचावन्न तास लागतात. त्यात एकदाही उशीर झाला नाही पाहिजे. ४ गिगाहर्ट्झचा लॅपटॉप मध्येच अपडेट घ्यायला बसतो, १६ मेगाहर्ट्झचा उनो बसत नाही.

राउटरवाला

जुन्या पीसीबद्दल मी सांगतो, कारण माझा लाकडाचा सीएनसी राउटर त्यावरच चालतोय. लिनक्ससीएनसी हे मशीन चालवायचं सॉफ्टवेअर टाकलं, पॅरलल पोर्टवरून स्टेपरला पल्स. त्यात लेटन्सी टेस्ट नावाची उशीर मोजणारी गोष्ट येते, ती चालू करून ठेवायची आणि पीसीला जमेल तेवढा त्रास द्यायचा, व्हिडिओ लावा, मोठ्या फाइली कॉपी करा, रात्रभर. सकाळी जो सगळ्यात वाईट आकडा असेल तोच तुमचा आकडा, सरासरीला काही किंमत नाही. माझ्या पहिल्या पीसीने एरवी अगदी व्यवस्थित आकडे दाखवले पण अधूनमधून अचानक मोठी उडी, कारण मदरबोर्डचा बायोस स्वतःच्या कामासाठी प्रोसेसर पळवतो, एसएमआय म्हणतात त्याला, ऑपरेटिंग सिस्टमला पत्ताही लागत नाही. कुठलं लिनक्स टाका काही फरक पडत नाही. दुसरा पीसी आणला तो बरा निघाला. म्हणजे जुना पीसी स्वस्त आहे पण मदरबोर्ड नशिबावर. आणि पॅरलल पोर्टला एडीसी, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणारा भाग, नसतो, तो बाहेर जोडावाच लागणार.

नेकारकाठ

स्टुटगार्टहून लिहितेय, एम्बेडेड लिनक्सवर काम करते. पूर्वी रिअल-टाइम लिनक्स म्हणजे मुख्य कर्नलवर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्यावर, बाहेरचे पॅच लावायचे. आरटीलिनक्स न्यू मेक्सिकोतून आलं, आरटीएआय मिलानच्या पॉलिटेक्निकमधून, त्यात लिनक्सच्या खाली एक छोटा रिअल-टाइम कर्नल बसवायचे आणि लिनक्स त्याचं सगळ्यात कमी महत्त्वाचं काम म्हणून चालायचं. प्रीएम्प्ट-आरटीने दुसरा रस्ता घेतला, खुद्द लिनक्सलाच जागोजागी थांबवता येईल असं केलं. थॉमस ग्लाइक्स्नर आणि बाकीच्यांनी जवळपास २० वर्षं त्यावर काम केलं आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ते मुख्य कर्नलमध्ये गेलं, ६.१२ पासून आहे. व्हिएन्नाला त्यांनी ती विनंती कागदावर छापून सोनेरी कागदात गुंडाळून लिनस टोरवाल्ड्सच्या हातात दिली होती. आमच्या ऑफिसात त्या दिवशी केक कापला, मला खरंच भरून आलं होतं.

एवढं असूनही मी तुम्हाला सॅम्पलिंग, म्हणजे ठरावीक वेळाने रीडिंग घेणं, रास्पबेरी पायवर करा असं सांगणार नाही. पायथनमध्ये एक मिलिसेकंद झोप असं लिहिलं तर तो निदान एक मिलिसेकंद झोपतो, जास्तीत जास्त किती ते कोणी लिहून देत नाही. एसडी कार्ड लिहिताना मध्येच शेकडो मिलिसेकंद अडकू शकतं. वेळेचं काम छोट्या मायक्रोकंट्रोलरला द्या, साठवणं आणि ग्राफ पायला किंवा जुन्या लॅपटॉपला. दोघांच्या मध्ये बफर ठेवा म्हणजे लॅपटॉप दोन सेकंद झोपला तरी काही हरवणार नाही. तुमचा डेटा आहेच किती, १ किलोहर्ट्झ, दोन चॅनेल, दोन दोन बाइट, सेकंदाला ४ किलोबाइट. पूर्ण टेस्टचे ८०० मेगाबाइट.

फळा_आणि_खडू

फिजिक्स शिकवतो. दिल्लीच्या आयुकमध्ये, म्हणजे इंटर-युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटरमध्ये, फीनिक्स नावाचा प्रकल्प झाला, त्यातून एक्सपआईज निघालं. सुरुवातीचं फीनिक्स पॅरलल पोर्टवरच चालायचं, आता एक्सपआईज-१७ यूएसबीवर, १२ बिट, पायथनमधून चालतं आणि डिझाइन सगळं खुलं. आमच्या लॅबमध्ये मुलं त्याच्यावर पेंड्युलमपासून कॅपॅसिटर डिस्चार्जपर्यंत सगळं करतात. तुमच्या ५५ तासांच्या टेस्टला ते नको, पण जवळच्या कॉलेजात असेल तर एक दिवस मागून आणा, स्कोपसारखं वापरून तुमचे सिग्नल कसे दिसतात ते आधी डोळ्यांनी बघून घ्या. सिग्नल न बघता प्रोग्राम लिहिणं म्हणजे अंधारात दोरा ओवणं.

मिलिव्होल्ट

नेकारकाठ ताईंशी पूर्ण सहमत. मी असं करीन:

रास्पबेरी पाय पिको, नाव तेच पण हा छोटा मायक्रोकंट्रोलर आहे. २०२१ च्या जानेवारीत ४ डॉलरला आला, इथे चार-पाचशेत मिळतो. दोन कोअर, १३३ मेगाहर्ट्झ. एक कोअर फक्त सॅम्पलिंग आणि स्टॉपचा निर्णय, दुसरा यूएसबी आणि बाकी गप्पा. मायक्रोपायथन नको, तो अधूनमधून मेमरी झाडायला थांबतो, सी मध्ये लिहा. आणि वेळेचं फंक्शन रॅममध्ये ठेवायला सांगा, नाहीतर ते फ्लॅशमधून वाचलं जातं आणि कॅशमध्ये नसलं की थांबावं लागतं.

पिकोचा आतला एडीसी वापरू नका. नावाला १२ बिट आहे पण त्याच्या रचनेत ५१२, १५३६, २५६०, ३५८४ या आकड्यांपाशी उड्या आहेत, बनवणाऱ्यांनी स्वतःच डेटाशीटमध्ये लिहून ठेवलंय. बाहेर एमसीपी३२०८ लावा, ५ व्होल्टवर सेकंदाला १ लाख सॅम्पल. लोड आणि एलव्हीडीटी दोन्ही याच चिपला, एकापाठोपाठ वाचायचे, मधलं अंतर १२ मायक्रोसेकंद म्हणजे ०.०१ मिमीसुद्धा नाही. तुमचा लूप इथेच सुटला. सेकंदाला १६ हजार वेळा दोन्ही वाचा आणि १६-१६ ची सरासरी घ्या, १ किलोहर्ट्झ मिळेल आणि नॉइज असतोच थोडा, त्यामुळे दोनेक बिट जास्तीचे मिळतील. एक सांभाळा, ही चिप ५ व्होल्टची आणि पिकोच्या पिना ३.३ च्या, डेटा परत येणाऱ्या वायरवर दोन रेझिस्टरचा डिव्हायडर टाका नाहीतर पिन जाईल.

लोडसेल २ मिलिव्होल्ट प्रति व्होल्टचा असेल तर ५ व्होल्ट दिल्यावर पूर्ण २०० किलोला १० मिलिव्होल्ट येणार. आयएनए१२५ हा अ‍ॅम्प्लिफायर लावा, त्याचा गेन (सिग्नल किती पट मोठा करतो तो) ४ अधिक ६०,००० भागिले रेझिस्टर, १५० ओहम टाकलात की ४०४, म्हणजे ४ व्होल्ट. लोडसेलला लागणारा करंट तो एकटा देऊ शकत नाही, डेटाशीटमध्ये दाखवलाय तसा ट्रान्झिस्टर लावा. एडीसीचा रेफरन्स आणि लोडसेलचा ५ व्होल्ट एकाच ठिकाणचे घ्या, मग व्होल्टेज थोडं हललं तरी दोन्ही सोबत हलतात आणि रीडिंग जागेवर राहतं. दोन्ही चॅनेलला सारखेच रेझिस्टर-कॅपॅसिटर, १ किलोहर्ट्झच्या आसपास. सारखेच! एकाला मोठा कॅपॅसिटर एकाला छोटा असं केलंत तर पुन्हा उशीर.

लोडसेल स्थिर बाजूला लावलाय हे फार चांगलं केलंत. हलत्या बाजूला असता तर टोकाला अडीच जी एवढं अ‍ॅक्सिलरेशन आहे, एक किलोच्या फिक्स्चरने २५ न्यूटन खोटे दाखवले असते.

कुपवाडचा_फिटर

खूप खूप आभार सगळ्यांचे, हे मी वहीत उतरवून घेतलं. एक विचारू का, लाइट गेली तर सायकलचा आकडा कुठे ठेवायचा? आमच्याकडे सोमवारी दिवसभर नसते. मी विचार करत होतो दर सायकलला उनोच्या ईईप्रॉममध्ये (लाइट गेली तरी राहणाऱ्या मेमरीत) लिहायचं.

राउटरवाला

नका हो. ईईप्रॉमची एक जागा १ लाख वेळा लिहिण्याची हमी असते, ५ हर्ट्झला साडेपाच तासांत संपली. एफरॅमची चिप घ्या, तीही लाइट गेली तरी आकडा धरून ठेवते, एमबी८५आरसी मालिकेतली, त्याच दोन वायरींवर चालते आणि एक लाख कोटी वेळा लिहिता येते. सायकलचा आकडा दोन जागी लिहा आणि सोबत तपासणीचा बाइट, लिहितानाच लाइट गेली तरी एक प्रत शाबूत राहते.

पॅनेलवाली

एवढा वेळ वाचत होते, कोणीच इमर्जन्सी स्टॉपबद्दल बोललं नाही म्हणून लिहिते. माझं कामच पॅनेल बनवायचं आहे आणि मी हाताची बोटं गेलेली माणसं बघितलीत.

लाल मशरूम बटण सरळ कॉन्टॅक्टरच्या (मोटरची लाइन जोडणाऱ्या-तोडणाऱ्या मोठ्या स्विचच्या) कॉइलमध्ये घ्या. पिको, लॅपटॉप, प्रोग्राम कोणीही मध्ये नको. सगळं इलेक्ट्रॉनिक्स जळून गेलं तरी बटण दाबलं की मोटर सुटली पाहिजे. स्प्रिंग तुटली की तुकडा उडतो, म्हणून चारही बाजूंनी जाड पॉलिकार्बोनेटचं गार्ड, दाराला लिमिट स्विच, तोही त्याच कॉइलमध्ये. पिकोची स्टॉप रिले त्याच साखळीत तिसरी, आणि ती अशी की पिकोने धरून ठेवली तर मशीन चालणार, सोडली की थांबणार. व्हीएफडीला मॉडबसवरून, म्हणजे डेटाच्या वायरीवरून, स्टॉप पाठवू नका, वेग बदलायला ठीक आहे.

आणि मिलिव्होल्ट म्हणतात तो मिलिसेकंद मोजमापासाठी आहे. स्टॉपला तुमचं फ्लायव्हील फिरतंच राहणार, अर्धा सेकंद तरी. तिथे १ मिलिसेकंद की २० याने फरक पडत नाही, फरक पडतो तो स्टॉप प्रत्येक वेळी लागतो की नाही याने.

राउटरवाला

ताई म्हणतात त्यात भर: पिको हँग झाला आणि पिन वरच अडकली तर रिले धरूनच राहील. लिनक्ससीएनसीवाले चार्ज पंप वापरतात. पिकोने पिन सतत वर-खाली करायची, एका कॅपॅसिटरमधून ते पल्स पुढे जातात आणि त्यावर रिले उभी राहते. पिन वर अडकली किंवा खाली, दोन्हीकडे पल्स बंद, रिले सुटली. खर्च दहा-वीस रुपये. आणि ती पिन प्रोग्राममधल्या सॅम्पलिंगच्या लूपमधूनच हलवा, टायमरवर टाकू नका, नाहीतर लूप मेला तरी टायमर बिचारा पल्स देत बसेल.

स्कॅनटाइम

पॅनेलवाली ताई +१. आणि स्टॉपच्या अटींमध्ये सेन्सरची वायर तुटणं पण घ्या. रीडिंग अगदी शून्य किंवा अगदी पूर्ण असेल तर ते रीडिंग नाही, तुटलेली वायर आहे.

कुपवाडचा_फिटर

मंडळी, सव्वा महिन्याने येतोय. बोर्ड झालं, व्हेरो बोर्डवरच सोल्डर केलं, प्रोग्राम कॉलेजात असलेल्या मावसभावाने आणि मी मिळून लिहिला. इलेक्ट्रॉनिक्सचा खर्च गार्ड आणि कॉन्टॅक्टर सोडून ४ हजारांच्या आत. टेबलवर सगळं मस्त, मशीनवर लावलं आणि व्हीएफडी चालू केला की दहा-पंधरा मिनिटांत यूएसबी सुटतं. लॅपटॉप टुंग असा आवाज करतो आणि पोर्ट गायब. लोडचं रीडिंगपण केसाळ येतंय, वर-खाली २-३ किलो. पिको स्वतः थांबत नाही, सायकल मोजत राहतो, ते बघून बरं वाटलं.

पॅनेलवाली

फोटो बघितला. मोटरची केबल आणि लोडसेलची केबल एकाच पट्टीत बांधलीत! व्हीएफडी मोटरला सेकंदाला हजारो वेळा शेकडो व्होल्टचे तुकडे पाठवतो आणि शेजारी तुमचे १० मिलिव्होल्ट आहेत. वेगळ्या करा, निदान एक फूट, ओलांडायच्याच असतील तर काटकोनात. मोटरची केबल शिल्डेड घ्या, तिचं शिल्ड दोन्ही टोकांना, व्हीएफडीच्या आणि मोटरच्या बॉडीला. लोडसेलचं शिल्ड फक्त पॅनेलच्या टोकाला. मोटरची अर्थ वायर मशीनच्या फ्रेमवर घेऊन सोडून दिलीय तुम्ही, ती थेट व्हीएफडीच्या अर्थ टर्मिनलला आणा. पेंट खरवडून, दातेरी वॉशर टाकून.

मिलिव्होल्ट

आणि पिको आणि लॅपटॉपची वीज एकमेकांपासून तोडणारा यूएसबी आयसोलेटर, एडीयूएम३१६० वाला. पिकोचं यूएसबी १२ मेगाबिटचंच आहे त्यामुळे चालतो. अ‍ॅम्प्लिफायर लोडसेलजवळ एका अ‍ॅल्युमिनियमच्या डबीत न्या, मग लांब केबलमधून मिलिव्होल्टऐवजी व्होल्ट येतील.

कुपवाडचा_फिटर

सगळं केलं. खरवडून दातेरी वॉशर टाकल्यावर निम्मा नॉइज तिथेच गेला, आयसोलेटर लावल्यापासून यूएसबी एकदाही सुटलेलं नाही. लोड आता १०० ग्रॅमच्या आत हलतो.

पण लूप थोडा आहेच. आता दाबायची रेघ वरून जाते आणि सोडायची खालून, म्हणजे हे खरं फ्रिक्शन ना? मधोमध दोन रेघांत ६० न्यूटनचं अंतर आहे. वडील म्हणतात आपल्या स्प्रिंगला एवढं नसणार, सीट ग्राइंड केलेल्या आहेत.

मिलिव्होल्ट

वडिलांचं ऐका, पुली पुन्हा हाताने फिरवा.

कुपवाडचा_फिटर

फिरवली. ४ न्यूटन.

मिलिव्होल्ट

मग ४ खरे आणि ५६ वेळेचे. या वेळी उशीर एलव्हीडीटीकडे आहे, त्याच्या कंडिशनर डब्यात कॅरिअर, म्हणजे एलव्हीडीटी चालवणारा वेगवान सिग्नल, काढून टाकायला फिल्टर असतो त्याचा. हा फार फसवा प्रकार आहे, कारण डिस्प्लेसमेंट मागे राहिलं की लूप अगदी खऱ्या फ्रिक्शनसारखा दिसतो, दिशाही तीच, आणि माणूस रिपोर्टमध्ये "डॅम्पिंग" म्हणून लिहूनही टाकतो. मागे हिशोब केला होता, एका मिलिसेकंदाला ३१ न्यूटनचं अंतर, म्हणजे ५६ ला साधारण १.८ मिलिसेकंद. तुम्ही १६ हजारांनी वाचताय, एक सॅम्पल ६२.५ मायक्रोसेकंदाचा, म्हणजे लोडचे २९ सॅम्पल मागचं रीडिंग आताच्या डिस्प्लेसमेंटशी जोडा. सरासरी काढायच्या आधी. मग २, ३ आणि ५ हर्ट्झला तपासा, तिन्हीकडे लूप सारखा आला तरच आकडा बरोबर. आणि स्टॉपसाठी मात्र ताजं रीडिंगच वापरा, उशिराचं नाही.

कुपवाडचा_फिटर

२९ टाकलं. हाताने, २, ३, ५, चारही ग्राफ एकावर एक ठेवले तर एकच रेघ दिसते. वडिलांनी प्रिंट काढून पॅनेलच्या दाराला आतून चिकटवलीय.

नेकारकाठ

वा! किती छान वाटलं वाचून. प्रोग्रामच्या प्रत्येक लूपला एक पिन वर-खाली करून लॉजिक अ‍ॅनलायझरवर सगळ्यात वाईट उशीर मोजलात का?

कुपवाडचा_फिटर

हो ताई, स्वस्तातला आठ चॅनेलवाला लावला. रात्रभर चालवून ६२.५ च्या जागी सगळ्यात जास्त ६४ मायक्रोसेकंद आला. आणि पूर्ण डेटा साठवत नाही आता, प्रत्येक सायकलचा कमाल लोड, किमान लोड आणि स्टिफनेस, आणि दर हजाराव्या सायकलला पूर्ण लूप. पण शेवटच्या २० सायकली पिकोच्या मेमरीत कायम फिरत्या ठेवतो, थांबला की त्या लॅपटॉपला जातात.

कुपवाडचा_फिटर

पहिली पूर्ण टेस्ट झाली. म्हणजे पूर्ण नाही झाली, रात्री पावणेतीनला ६,१८,२०७ व्या सायकलला स्प्रिंग तुटली. वर्कशॉपमध्ये कोणी नव्हतं. सकाळी गेलो तर मशीन थांबलेलं, तुकडा गार्डच्या आत पडलेला, रिले सुटलेली, आकडा एफरॅममध्ये. लॉग बघितला, स्टिफनेस सुरुवातीपासून २०.१ वर सरळ, ६ लाख १५ हजारांच्या पुढे हळूहळू उतरायला लागला, तुटायच्या आधीच्या सायकलला १९.७. शेवटच्या लूपमध्ये रेघ निम्म्यापर्यंत नेहमीसारखी चढते आणि तिथून सरळ खाली, १ मिलिसेकंदाच्या दोन ठिपक्यांच्या मध्ये. त्यानंतर रिकामा क्रँक दोन फेरे फिरून थांबलेला दिसतो.

वडिलांनी तुटलेलं टोक भिंगाखाली धरलं. भेग कॉइलच्या आतल्या बाजूने सुरू झालीय, ताण तिथेच सगळ्यात जास्त असतो हे माहीत होतं, पण नेमकं त्या जागी एक बारीक उभा ओरखडा आहे, तारेच्या लांबीने गेलेला. त्याच लॉटच्या दुसऱ्या स्प्रिंगवर बघितला, तिथेही आहे. कॉइलिंग मशीनच्या गाइडला एक कपची निघालीय, तिची ती खूण. लॉट बाजूला काढलाय, गाइड काल पॉलिश करून बसवला आणि नव्या तारेची स्प्रिंग आज दुपारी ४ ला चढवलीय. हे लिहिताना ९१ हजार झालेत, २०.१ वर आहे.